पुढचं डावं चाक

रविवारची अख्खी सकाळ गाडी धुण्यात घालवली. एकेका आऱ्याच्या मागे हात घालून, नटांच्या खोबणी जुन्या टूथब्रशने घासून, कंबर धरेपर्यंत. सोमवारी संध्याकाळी कामावरून आले, गाडी लावली आणि सहज वाकून पुढच्या डाव्या चाकावर बोट फिरवलं. काळंकुट्ट! एका दिवसात! उजव्या चाकावर जरा करडी झाक, मागची दोन बऱ्यापैकी स्वच्छ, आणि हे महाशय जणू कोळशाच्या खाणीत रात्रपाळी करून आलेले.

‘अगं, धूळच ती, धुतली की जाते’ असं मला कोणी सांगू नये. रस्त्याची धूळ धुतली की जाते. ही ब्रेकची भुकटी आहे. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कच्या तबकडीला आवळतं, पॅड झिजतं आणि डिस्कही झिजते, आणि डिस्क असते बिडाची, ओतीव लोखंडाची. म्हणजे चाकावर बसतं ते तापलेलं लोखंड. ते चाकाच्या चकचकीत थरात रुतून बसतं, वर पाणी पडलं की गंजतं, आणि महिन्याभराने तुमच्या चंदेरी अलॉय चाकावर नारिंगी ठिपक्यांची नक्षी उठते. हात फिरवला तर वाळूच्या कागदासारखं लागतं. मग ते लोखंड विरघळवणारं औषध आणायचं, चाकावर फवारायचं आणि बघत उभं राहायचं. पाच मिनिटांत जांभळे ओघळ येतात आणि सडक्या अंड्यांचा असा काही भपका सुटतो की शेजारचे खिडक्या लावून घेतात. हे सगळं मी दर पंधरा दिवसांनी करत होते. छंद म्हणून नव्हे.

बरं, मला नखरेल म्हणणाऱ्या भावोजींसाठी एक माहिती. युरोपने 2024 मध्ये गाड्यांच्या प्रदूषणाचे युरो 7 नियम आणले. धुराड्यातल्या धुरासोबत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांनाही त्यात पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे, साध्या पेट्रोल-डिझेल गाडीला किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम. अख्ख्या खंडाला जी गोष्ट मोजावीशी वाटते ती माझ्या चाकावर दिसली की मी नखरेल.

तर या भुकटीवर उपाय काय, असं मी विचारलं. चूक केली. ज्याला त्याला विचारलं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच मंत्र: सिरॅमिक पॅड टाक. गॅरेजवाला म्हणाला, सिरॅमिक टाका. सुटे भाग विकणारा म्हणाला, सिरॅमिक. ऑफिसातला एकजण म्हणाला, ‘सिरॅमिक म्हणजे शर्यतीच्या गाड्यांना असतात तेच ना? लाल तापलेले दिसतात ते?’ नाही रे बाबा. ते कार्बनचे ब्रेक, तिथे डिस्कच वेगळ्या पदार्थाची असते. मी बोलतेय ते साध्या बिडाच्या डिस्कवर चालणारं पॅड, ज्यात पोलादाच्या तंतूंऐवजी सिरॅमिकचे तंतू आणि इतर भराव असतो. भुकटी कमी पडते, रंगाने फिकट असते, चाकाला तितकी चिकटत नाही. कमी पडते. पडतच नाही असं नव्हे. समोर बिडाची डिस्क झिजतेच आहे, तिचं लोखंड कुठे जाणार? पण हे कोण सांगणार! दुकानदाराने सांगितलं ते असं: ‘मॅडम, चाक पुसायचं विसरून जाल.’

डब्यावर तीन पानांचं चिन्ह होतं. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘इको मॉडेल आहे, म्हणून धूळ नाही.’ त्या पानांचा आणि धुळीचा काडीचा संबंध नाही. पॅडमधलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर नदीनाल्यांत जातं आणि माशांच्या जिवावर उठतं, म्हणून पॅडमधलं तांबं कमी करायला कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा केला. तीन पानं म्हणजे तांबं अर्ध्या टक्क्याच्याही खाली. चांगलीच गोष्ट आहे, पण माझ्या चाकाचं त्यात काय? विकणाऱ्यालाच डब्यावरचं वाचता येत नसेल तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं!

असो. पॅड बसवली. बसवली म्हणजे काय, तर गॅरेजमधल्या पोराने चाक काढलं, जुनी पॅड उपसली, नवी सरकवली, चाक लावलं, पुढची गाडी घेतली. पाऊण तासात दोन्ही पुढची चाकं. डिस्ककडे ढुंकून पाहिलं नाही. आता यात मेख अशी आहे की पॅड काम करताना आपल्या पदार्थाचा एक पातळ थर डिस्कवर चढवतं आणि पुढे त्या थराच्याच जोरावर पकड मिळते. जुन्या पॅडचा थर तसाच ठेवून वर वेगळ्या जातीचं पॅड लावलं तर दोघांचं जमत नाही. डिस्क घासून साफ करायची, फारच झिजली असेल तर बदलायची. आणि मग नवी पॅड ‘बसवायची’, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबून वेग उतरवायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा, आणि मग ब्रेक न वापरता थोडं फिरून थंड होऊ द्यायचं. हे मी माझ्या अकलेने सांगत नाहीये. पॅडच्या डब्यात घडी घातलेला कागद होता, त्यावर छापलेलं होतं. तो कागद मला कधी मिळाला ते पुढे येईलच.

पहिल्या आठवड्यात चिरचिर सुरू झाली. सिग्नलजवळ हळू होताना अशी किंचाळायची की फुटपाथवरचा माणूस वळून बघायचा. दुसऱ्या आठवड्यात पेडलखाली थरथर. गाडी परत नेली. ‘मॅडम, सिरॅमिकला जरा आवाज असतोच.’ माझ्या माहितीप्रमाणे सिरॅमिकची जाहिरातच कमी आवाज करणारं पॅड म्हणून असते. ‘थरथर? रस्ता खराब असेल.’ वर पुन्हा, ‘साहेबांना पाठवा ना एकदा, त्यांना समजावून सांगतो.’ साहेबांना टायरमधली हवासुद्धा तपासता येत नाही. गाडी माझी, चालवते मी, धुते मी, आणि समजावून साहेबांना सांगणार!

आणि डावं चाक? काळंच. उजवं खरोखर स्वच्छ राहायला लागलं होतं. आठवडाभराने हलकीशी करडी पूड, पाण्याचा फवारा मारला की साफ. पण डावीकडे पहिले पाढे पंचावन्न. एकाच डब्यातली पॅड, एकच गाडी, एकच पाय ब्रेकवर. मग एकच चाक काळं कसं?

हा प्रश्न खरं तर मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. कबूल. पण पैसे घेऊन गाडी उघडणाऱ्याला तो पडू नये?

एका संध्याकाळी लांबून गाडी चालवून आले आणि उतरल्यावर उजव्या चाकाजवळ हात नेला. कोमट. डाव्या चाकाजवळ नेला तर हातभर अंतरावरून धग लागली, जळकट वासही येत होता. मग डिकी उघडली. जुनी पॅड परत द्या म्हणून मी बजावलं होतं, ती नव्याच्या रिकाम्या डब्यात भरून त्यांनी डिकीत टाकली होती आणि मी मूर्खासारखी तीन आठवडे ती घेऊन फिरत होते. डबा उघडला. वर तो घडी घातलेला कागद, हात न लागलेला, कोरा करकरीत. खाली चार पॅड. दोन सारखी झिजलेली. उरलेल्या दोघांपैकी एक जवळपास नव्यासारखं जाड, आणि दुसऱ्याचा मसाला नखाएवढा उरलेला, मागची पत्र्याची पाटी दिसायला आलेली.

पाच मिनिटं मी डिकीशी नुसती उभी होते. पुरावा त्या पोराच्या हातात होता! दोन्ही पॅड त्याने स्वतःच्या हाताने उपसली. एक जाड आणि एक कागदासारखं, हे बघून लहान मूलही विचारेल की असं का. उत्तर सोपं आहे. कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. पिन जाम झाली की तो सरकत नाही, पिस्टनच्या, म्हणजे ढकलणाऱ्या दट्ट्याच्या बाजूचं आतलं पॅड एकटं दाबलं जातं, ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहतं, आणि बाहेरचं आरामात बसतं. दिवसभर घासतंय म्हटल्यावर भुकटी पडणार, चाक तापणार, पेट्रोलही जास्त जाणार. त्यावर इलाज काय केला? महागाचं पॅड. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

डबा घेऊन गॅरेजमध्ये गेले. पॅड टेबलावर मांडली. मालकाने पाहिलं, पोराने पाहिलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाक उघडलं. खालची पिन दोन हातांनी पिरगाळून, हातोडीने ठोकून बाहेर काढावी लागली. गंजून तपकिरी झालेली, पिनेवरचं रबरी टोपण, ज्याला बूट म्हणतात, ते फाटलेलं, आत ग्रीसचा टिपूस नाही. मालक म्हणतो, ‘हां, पिन जरा जाम होती.’ जरा! आणि तोवर ते पोरगं बेअरिंगच्या साध्या ग्रीसचा डबा घेऊन हजर. त्या ग्रीसने पिनेचं रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा अडकते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वेगळं येतं. तेही मीच सांगितलं. मग नवं बूट, नवी पिन, दोन्ही डिस्क घासून साफ, आणि पॅड बसवायचा तो वेग घेण्या-उतरवण्याचा कार्यक्रम मी स्वतः पहाटे मोकळ्या रस्त्यावर केला, कागद बाजूच्या सीटवर ठेवून.

चिरचिर गेली. थरथर गेली. सकाळी गार असताना पहिला ब्रेक आधीच्या पॅडपेक्षा जरा उशिरा पकडतो असं मला वाटतं, त्याची पायाला सवय करतेय. डावं चाक आता उजव्यासारखंच. जुनी पॅड असतानाच पिन वेळेत साफ केली असती तर निम्मं दुखणं तेव्हाच गेलं असतं, आणि सिरॅमिक घ्यायचं की नाही हे मी निवांत ठरवलं असतं.

परवा हवा भरायला त्याच गॅरेजवरून गेले. मालक बाहेरच उभा होता. चाकांकडे पाहून हसला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, ‘बघा, मॅडमच्या गाडीला सिरॅमिक टाकलंय आपण. आहे का धूळ?’