डोहाळजेवण कधी, म्हणे!

ऑफिसच्या ग्रुपवर आज दुपारी एक स्क्रीनशॉट फिरला. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने क्लायंटला लिहिलं होतं, ‘सर, आय ॲम एक्स्पेक्टिंग. प्लीज रिप्लाय.’ खाली एका महाभागाने टाकलं, ‘अभिनंदन! डोहाळजेवण कधी?’ त्यावर सतरा हसरे चेहरे. अरे, ती मुलगी त्याच ग्रुपवर आहे!

मला माझा रजेचा अर्ज आठवला. पहिली नोकरी, ताईचं लग्न. झोकात लिहिलं, ‘आय एक्स्पेक्ट फोर डेज लीव्ह.’ एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा करणे, शाळेत पाठ केलेलं. आणि मराठीत ‘सहकार्याची अपेक्षा आहे’ हे किती नम्र वाक्य! साहेबांनी अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. ‘मला ऑर्डर देतोस?’

तेव्हा कळलं, हा शब्द माणूस बघून अर्थ बदलतो. साहेब ‘आय एक्स्पेक्ट द रिपोर्ट बाय फ्रायडे’ म्हणाले की हुकूम. हाताखालच्याने म्हटलं की उद्धटपणा. इंग्रज माणूस ‘आय एक्स्पेक्ट यू आर टायर्ड’ म्हणतो तेव्हा नुसतं ‘दमला असशील’. आणि बाई पुढे काही न जोडता ‘एक्स्पेक्टिंग’ म्हणाली की दिवस गेलेत. हे शाळेत कुणी सांगितलं होतं? दहावीला ‘अपेक्षित’ म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री चाळायचं पुस्तक, एवढंच आपल्याला ठाऊक.

बरं, क्लायंटला जाणारी मेल नीट हवी, मान्य. पण ते शेजारी खुर्ची ओढून सांगता येतं ना?

गंमत म्हणजे ‘एक्स्पेक्ट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दात बाहेर डोळे लावून बसणं आहे. आपल्या ‘अपेक्षे’तही ईक्ष्, म्हणजे बघणंच. प्रतीक्षेत तेच, उपेक्षेतही तेच. वाटसुद्धा आपण बघतोच की. पोरगी उत्तराची वाट बघत होती आणि तेच लिहीत होती. एक ‘युवर रिप्लाय’ जोडायचं राहिलं, बास.

साहेबांचंही सांगतो. केबिनमध्ये बोलावून त्यांनी लाल पेनाने ‘एक्स्पेक्ट’ खोडलं, वर ‘रिक्वेस्ट’ लिहिलं आणि सही केली. चारही दिवस मिळाले. तरी ते मोठ्याने वाचणं अजून कानात आहे.

आणि मी आज काय केलं? ग्रुपवर चार ओळी टाईप केल्या, खोडल्या. डोहाळजेवणवाला मला सीनियर आहे.

संध्याकाळी तिच्या टेबलाशी गेलो, काय जोडायचं ते सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं. मग हळूच म्हणाली, “सर, तो ग्रुप सोडला तर चालतं का?”