‘३० टक्के बदला, चित्र तुमचं’ : असा कोणताही नियम नाही

चतुर्थीच्या जाहिरातींची कामं सुरू झाली की गोव्यातल्या डिझायनरांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतो: मूळ चित्रात ३० टक्के बदल केला की ते आपलं होतं, आणि गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा हयात नसल्याने त्यांची चित्रं कुणीही वापरावीत. दोन्ही चूक.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टक्केवारी कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कसोटी घालून दिली: कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो, दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट वाटलं, तर हक्कभंग झाला. नुसते रंग बदलून किंवा चित्र उलटं फिरवून सुटका होत नाही.

मिरांडा ११ डिसेंबर २०११ रोजी गेले. हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. त्यांनी काढलेली माणसं उचलून मगवर छापायची तर परवानगी हवीच. गजबजलेला म्हापशाचा बाजार स्वतःच्या रेषेत काढायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

प्रेरणा घेणं गैर नाही, हे ठासून सांगायला हवं. अमेरिकन डिझायनर मिल्टन ग्लेझर यांच्या १९६६ च्या, गायक बॉब डिलनवरच्या पोस्टरमधली काळी छायाकृती चित्रकार मार्सेल द्युशाँ यांच्या आत्मचित्रावरून सुचली, आणि ग्लेझर यांनी ते उघडपणे सांगितलं. आपल्या जुन्या देवळांवरची कावी कला (तांबड्या मातीच्या रंगातली भिंतचित्रं), शेकडो वर्षांपूर्वीच्या अझुलेजू (पोर्तुगीज पद्धतीच्या रंगीत, चकचकीत) फरशांचे नमुने सर्वांचेच आहेत. आजच्या कारागिराने स्वतः रचलेला फरशीचा नमुना मात्र त्याचा; तो वापरायचा तर आधी त्याला विचारा.