गांडुळाची खीर

मरळीच्या नादाला लागलेल्या माणसाचा खिसा कुठे फाटतो, तर रबरी गांडुळापाशी. बोटभर वस्तू. वाघूर धरणाच्या काठावर ती गळाला लावून टाकली की मरळ नेमकी गांडुळाची शेपटी तेवढी तोडून नेते आणि धड आपल्याला परत करते. असे सहा धडांचे मालक झाल्यावर मी ठरवलं, कुरडया पाडतात तशी गांडुळंही घरीच पाडायची.

लागतं काय? प्लॅस्टिसॉल. म्हणजे तेलासारख्या प्लॅस्टिसायझरमध्ये कालवलेली पीव्हीसीची पूड. पाइप आणि चटयांच्या आमच्या जळगावात पीव्हीसीचं कुणाला काय अप्रूप! पण आईने ते असं बाटलीत, पांढरंशुभ्र कधी पाहिलेलं नव्हतं. "भाऊ, हाई काय शे? दूध शे का?" मी बाटली वरच्या फळीवर ठेवली.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. तो खडखडीत वाळवून वरून नीट लेप द्यायचा असतो, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होते. मे महिन्यातलं आमचं ऊन, दोन दिवस पुरे, असा मी हिशेब केला.

बायकोने जुना गंज, म्हणजे पातेलं, दिलं. म्हणाली, "हे आता परत घरात येणार नाही." गंजाबद्दलच बोलली असावी.

मग गच्चीवर शेगडी, तोंडाला मास्क, हातात चमचा. प्लॅस्टिसॉलला साधारण १७५ अंश लागतात. पंचेचाळीस आमच्या गच्चीने फुकट दिले, उरलेल्या एकशेतीसांसाठी गॅस. आधी दुधासारखं होतं ते घट्ट होत खिरीवर आलं, मग गोळे, मग थेट लापशी. हातातला चमचा उभा राहिला. आता बिघडलं असं वाटतं तिथेच ढवळत राहायचं; हळूहळू ते सैल होतं आणि मधासारखं नितळ दिसायला लागतं. मी त्यात आमच्याकडच्या भरताच्या वांग्याचा हिरवा रंग टाकला, चिमूटभर चमकी टाकली आणि नेमका तेव्हाच फोन घेतला.

प्लॅस्टिसॉल जास्त तापलं की पिवळं पडतं आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. नाकात मिरची कुटल्यासारखं झालं. शेजारच्या गच्चीवरून काकू ओरडल्या, "काय जाळी राहिना रे?" काय सांगणार, गांडुळं?

उरलेलं साच्यात ओतलं, तर साचा थुंकला. ओल होतीच आत. तरी अकरा गांडुळं निघाली. एकाला डोकं नाही, दोघांना पोटात बुडबुडे, पण शेपट्या काय वळवळत होत्या! मी ती बडीशेपेच्या पारदर्शक डब्यात मोठ्या मायेने ठेवली.

पहाटे धरणावर डबा उघडला. एक गांडूळ ओढलं, तर डबाच वर आला. मऊ प्लास्टिकातलं तेल कडक प्लास्टिकला खातं, हे मला तिथे, गुडघाभर चिखलात, कळलं. अकराच्या अकरा तळाला विरघळून चिकटलेली. शेजारी एक पोरगं करवंदीच्या काटकीला दोरा बांधून बसलेलं. त्याने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्या रॉडकडे, आणि जरा लांब सरकून बसलं.

घरी येऊन डबा गच्चीवर भिरकावला. दुपारी आई बिबड्या वाळत घालून खाली आली ती हसतच. कावळा बिबड्या सोडून तासभर त्या डब्यावर चोच मारतोय म्हणाली.

"भाऊ, आखो दोन-चार डबा करी दे."