‘चालीवर लिहिलेलं गाणं खोटं’? जरा नाट्यपदं उघडून बघा

समाजमाध्यमांवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. शब्द थोडे बदलतात, म्हणणं तेच. खरं गाणं कवीला आतून सुचतं आणि चाल नंतर लागते. तयार चालीवर शब्द बसवणं ही नुसती हमाली. खऱ्या कवीकडून तारीख देऊन लिहून घेता येत नाही. आणि अस्सल गाणं एका झटक्यात, जमल्यास स्वप्नातच येतं. जोडीला हिंदी चित्रपटगीतं लिहिणाऱ्या कैफी आझमींच्या नावावर सांगितला जाणारा विनोद असतो: आधी कबर खोदायची, मग तिच्या मापाचं प्रेत शोधायचं. विनोद फर्मास आहे. पण अशा कबरींवर, म्हणजे तयार चालींवर बसून त्यांनी स्वतः किती सुंदर लिहिलं, हे त्या मजकुरात कधी येत नाही.

पहिला मुद्दा मराठी माणसाने मांडावा याचंच नवल वाटतं. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून आपलं संगीत नाटक उभं आहे ते बहुतांशी आधीच्या चालींवर. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातली पदं, कर्नाटकी चाली, जे कानावर होतं ते नाटककारांनी घेतलं. जुन्या छापील संहितेत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्दच दिलेले असतात. कुणी काही लपवत नव्हतं. पुढे ‘मानापमान’ला (1911) गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला (1916) भास्करबुवा बखल्यांनी ख्याल-ठुमरीच्या चिजांवरून चाली दिल्या आणि नाटककार खाडिलकरांनी त्यांच्या मापाने पदं रचली.

इथे कुणी म्हणेल, म्हणूनच खाडिलकरांची कितीतरी पदं वाचताना दाताखाली खडा येतो. बरोबर, येतो. गाताना सोन्यासारखी वाटणारी ओळ कागदावर अन्वय लावत बसायला लावते. पण मग देवलांचं काय? ‘शारदा’ (1899) मधली पदंही चालींवरच रचलेली आहेत, आणि त्यातलं ‘म्हातारा इतुका न’ आजही नाटक न पाहिलेला माणूस थट्टेत सहज वापरतो. इतकी ती बोली घरातली आहे. पद्धत तीच असताना एकाचे शब्द अडखळतात, दुसऱ्याचे वाहतात. तेव्हा दोष चालीच्या माथी मारून चालणार नाही.

तारखेचा मुद्दा तर ‘गीतरामायणा’पुढे टिकतच नाही. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक या हिशेबाने 56 गीतं झाली. मध्ये अधिक मास आला, म्हणून 52 वर भागलं नाही. इथे ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे गदिमांचे शब्द आधी आणि सुधीर फडक्यांची चाल नंतर, हे मान्य. पण आकाशवाणीचं वेळापत्रक गदिमांच्या मनःस्थितीची वाट पाहत नव्हतं. मग दर आठवड्याला नवं सुचायचं कसं? मला वाटतं, बरंचसं काम त्या रचनेनेच केलं. बहुतेक गीतं एकेका पात्राच्या तोंडी आहेत. नाव वल्हवणारा गुह, चिडलेली शूर्पणखा, कौसल्या, दशरथ. बोलणारं माणूस ठरलं की त्याची भाषा आणि राग-लोभ मागोमाग येतात. ‘काहीतरी सुंदर लिही’ या हुकुमापेक्षा ‘शूर्पणखेला रावणापुढे काय म्हणायचंय ते लिही’ हा हुकूम कितीतरी सोपा.

याच संदर्भात पहिल्या गीताचा किस्सा पुढे केला जातो. लिहून दिलेला कागद हरवला, गदिमा संतापले, त्यांना खोलीत बसवलं आणि पंधरा मिनिटांत ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ पुन्हा तयार झालं, असं सांगतात. किस्सा खरा धरला तरी त्यात ‘पुन्हा’ आहे. ती पंधरा मिनिटं दुसऱ्या वेळची. शिवाय त्याआधी चित्रपटांसाठी लावणीपासून ‘नाच रे मोरा’पर्यंत सगळं लिहून हात बसलेला होता.

बहिणाबाईंना या वादात ओढतात ते मला मुळीच पटत नाही. अक्षरओळख नव्हती, तरी गाणी आपोआप सुचत, असा सूर असतो. अक्षरं नव्हती, पण कानात जात्यावरच्या ओवीची लय लहानपणापासून होती, आणि ती माजघरात बायकांनी पिढ्यानपिढ्या घोटलेली. म्हणजे मीटर आधीच तयार होतं. त्यात त्यांनी शेत, चूल, सुगरणीचा खोपा आणला. यातली प्रतिभा ‘आपोआप’ म्हटल्याने उलट कमी होते.

राहिलं स्वप्न. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला ‘येस्टरडे’ची चाल झोपेत सुचली, हे ते स्वतःच सांगत आले आहेत. मजकूर इथे थांबतो. पुढची हकिकत अशी, की ही चाल आपण कुठून चोरली तर नाही ना, म्हणून ते बरेच दिवस ओळखीच्यांना ऐकवून विचारत राहिले. शब्द तर नव्हतेच. जागा भरायला ‘स्क्रँबल्ड एग्ज’, म्हणजे आपली अंडाभुर्जी, असं काहीतरी घातलं होतं. आपल्याकडे स्टुडिओत याला डमी म्हणतात. खरे शब्द 1965 मध्ये पोर्तुगालच्या प्रवासात जुळले आणि त्याच जूनमध्ये ध्वनिमुद्रण झालं. स्वप्नाने दिली ती चाल. जगभर गायले जातात ते शब्द नंतर, जागेपणी, त्या चालीच्या मापाने बेतलेले आहेत. आजची पुष्कळ गाणी पोकळ वाटतात ही तक्रार मलाही मान्य आहे, फक्त तिचं कारण मला वेगळं दिसतं: डमी काढून तिथे खरे शब्द घालायला कुणी परत बसतच नाही.