हौशीपणा कोणाला परवडत होता?

हौशी, म्हणजे खेळाडूंना मानधन न देणाऱ्या, रग्बी क्लबांच्या ध्येयाबद्दलच्या एका लेखात म्हटले आहे की जुन्या हौशी क्लबांनी पैसा दूर ठेवला म्हणूनच खेळ सर्वांचा राहिला. हे विधान इतिहासाशी जुळत नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातील गिरणी आणि खाणकामगारांना सामन्यासाठी मजुरी बुडवावी लागे. ती भरून देण्यासही रग्बी फुटबॉल युनियनने (इंग्लंडमधील रग्बीच्या नियामक संस्थेने) नकार दिल्यामुळे १८९५ मध्ये तेथील क्लब हडर्सफील्ड येथे जमून वेगळे झाले आणि त्यातूनच पुढे रग्बी लीग हा खेळाचा वेगळा प्रकार उभा राहिला. (क्लबांच्या गौरवपर लेखनात हा भाग बहुधा गाळलेलाच असतो.)

युनियन रग्बीतील, म्हणजे खेळाच्या मूळ प्रकारातील, मानधनाची बंदी १९९५ मध्ये उठली, त्यामुळे आज हौशी राहणे ही क्लबची स्वतःची निवड असते. मुलांच्या संघांसाठी विनामोबदला राबणाऱ्या प्रशिक्षकांना लेखात एकच ओळ मिळाली आहे. क्लबच्या ध्येयाबद्दल लिहिताना त्यांच्यावर सविस्तर लिहायला हवे होते.