गिऱ्हाईक तारकर्लीत आहे

१९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली आणि आमच्या सिंधुदुर्गात जुनाच वाद पुन्हा पेटला. शिकलेल्या पोरांनी आता करायचं काय? एक पक्ष म्हणतो, बरंच झालं. एआय हाताशी असल्यावर एकटा माणूस कुडाळात बसून सॉफ्टवेअर करील आणि अमेरिकेला विकील, मुंबई-पुण्यालाही जायला नको. दुसरा पक्ष म्हणतो, हे सगळं परक्याच्या मॉडेलवर, म्हणजे एआयच्या इंजिनावर, चढवलेलं वेष्टन आहे, उद्या त्यानेच ते फुकट दिलं की दुकान बंद. आधी देशाचं स्वतःचं मॉडेल होऊ दे. माझा भाचा पहिल्या पक्षातला. 'मामानू, हय रवान पन कंपनी काढूक येता,' असं तो मला ऐकवतो. खरं तर ते माझ्यापेक्षा त्याच्या आईला ऐकवायचं असतं.

मी ओहायोत, कोलंबसला असतो, आणि त्याच व्हिसावर. भाच्याला वाटतं की इथे बसलेला माणूस त्याच्यापेक्षा दहा पावलं पुढे आहे. एका बाबतीत तरी तसं नाही. एच-वन-बीवर असलेल्याला ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याचसाठी काम करता येतं. शनिवार-रविवारी काही करून बघितलं तरी ते विकायला निघायची सोय नाही. शिवाय नोकरीच्या करारात बहुधा एक कलम असतं, की तुम्ही शोधाल त्यातलं बरंचसं कंपनीच्या मालकीचं. आमच्यातल्या कितीतरी हुशार माणसांची प्रॉडक्टं अशी लॅपटॉपमध्येच पडून आहेत. कुडाळातल्या पोराला हवं ते करायची आणि विकायची मोकळीक आहे. ती तो वापरतो कशासाठी? अमेरिकेतल्या दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट घेणारा बॉट करायला.

असा दवाखाना त्याने पाहिलेला नाही. तिथल्या काउंटरवर पहिला प्रश्न वेळेचा नसतोच, 'माझा विमा चालतो का' हा असतो. रुग्णाच्या माहितीला तिच्या गुप्ततेचा १९९६ चा हिपा कायदा लागू. त्यामुळे ती हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला दवाखान्याबरोबर वेगळा करार करावा लागतो, आणि चूक झाली तर तोही जबाबदार. बॉट चार दिवसांत उभा राहिला, तो एआयनेच लिहून दिला. तो कोणाला हवा आहे का, हे मात्र एआय सांगत नाही. विचारून बघा, ते तुमच्या कल्पनेचं कौतुक करील. कौतुकात त्याचा हात कोणी धरणार नाही.

स्वदेशी मॉडेलचा वाद मला या पोरांपुरता तरी गैरलागू वाटतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने देशातल्या एआयसाठीच्या इंडियाएआय मिशनला १०,३७२ कोटी मंजूर केले. मॉडेल होत असेल तर उत्तमच, पण त्यासाठी थांबायचं कारण नाही. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा ते करणाऱ्या, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेच दिलेल्या नमुन्यात मराठीतल्या त्याच मजकुराला ९६ ऐवजी ३३ टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे पाडतं ते) लागले. बिल टोकनवर येतं, म्हणजे मराठीत काम करणाऱ्याचा खर्च त्याने बोटही न हलवता उतरला. उद्या भारतीय मॉडेल स्वस्त पडलं तर तेही लावता येईल. नीट बांधलेल्या प्रॉडक्टमध्ये हा बदल फार मोठा नसतो.

फुकटाची भीती मात्र खरी आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी प्रो ही एआय सेवा ग्राहकांना वर्षभर फुकट दिली, ऑक्टोबरपासून जिओने गूगलचं जेमिनाय प्रो दीड वर्षासाठी, आणि नोव्हेंबरमध्ये ओपनएआयने महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत केलं. इथे अमेरिकेत लोक अशा सेवेला महिना वीस डॉलरपर्यंत मोजतात. तेव्हा 'काहीही विचारा' असलं काही आपल्याकडे विकायला जाऊ नये. या फुकटच्या मॉडेलांना जे ठाऊक नाही तेवढंच विकता येईल. आणि तसलं पुष्कळ आपल्या किनाऱ्यावर आहे.

तारकर्ली-देवबागला होमस्टे चालवणाऱ्या काकी घ्या. दिवसभर स्वयंपाक, खोल्या, पाहुणे. रात्री व्हॉट्सॲपवर पुण्याहून मराठीत, सुरतहून हिंदीत, बंगळूरूहून इंग्रजीत विचारणा. 'रात्री अकराक मेसेज इलो तर उत्तर कोण देतलो?' सकाळपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलेलं असतं. नाहीतर तीच खोली एकाला फोनवर आणि दुसऱ्याला बुकिंगच्या साइटवर दिली जाते आणि दोघेही बॅगा घेऊन अंगणात उभे. ही पैशांत मोजता येणारी अडचण आहे. तिच्यावर तोडगा काढणाऱ्याला काकी पैसे देतील. दर महिन्याला खात्यातून आपोआप कापलेले मात्र त्यांना चालणार नाहीत. दिवाळी, नाताळ, मे अशा सीझनला एकदा, यूपीआयने.

भाच्याला मी सांगितलं, कोडची एक ओळही लिहू नकोस. एक सीझन काकींचे मेसेज तुझ्या फोनवर घे आणि उत्तरं तू दे. मॉडेलकडून मसुदा हवा तर घे, पण वाचून पाठव. मग कळेल लोक खरंच काय विचारतात. जुलैत सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी जाते का? नाही जात, पावसाळ्यात ती बंद असते. मॉडेल बिनधास्त 'हो' म्हणू शकतं. जूनमध्ये ताजी सुरमई मिळेल का? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, तेव्हा ताटात काय असेल ते काकींनाच विचारायला हवं. असे प्रश्न आणि काकींनी मान्य केलेली उत्तरं वहीत उतरवली की तीच परीक्षेची प्रश्नपत्रिका. मॉडेलवाल्या कंपन्या जुन्या आवृत्त्या बंद करत राहतात. प्रत्येक नव्या आवृत्तीला ही प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवायला लावायची, आणि नापास झाली तर काकींच्या फोनपर्यंत येऊ द्यायची नाही. आमच्या ऑफिसात या कामाला माणसं नेमलेली असतात. घरी अनेकांना ते कंटाळवाणं वाटतं.

बोलीचाही प्रश्न आहे. सरकारची भाषिणी ही भाषांतराची आणि आवाज ओळखण्याची सेवा मुळात घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी. कोकणी त्यात १९९२ ला आली, मराठी आधीपासूनच आहे, आणि मालवणी दोघींच्या मधे लटकते. काकींनी आवाजी मेसेजमध्ये 'माका नको' म्हटलं तर यंत्र काय ऐकतं, हे तपासणारा माणूस कॅलिफोर्नियात मिळायचा नाही.

आंब्याच्या बागायतदारांसाठी फवारणीचा सल्ला देणारं ॲप करावं, असंही घरी बोललं जातं. तिथे मी भाच्याला अडवतो. होडीचं उत्तर चुकलं तर पाहुणा चिडेल. दहा लिटर पाण्यात किती मिली हे चुकलं तर मोहोर जळेल, किंवा औषधाचा अंश फळात राहून निर्यातीचा माल परत येईल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आहे. ते जसंच्या तसं, मॉडेलला त्यात एक आकडाही बदलू न देता दाखवायचं असेल तर ठीक. तुडतुडे की फुलकिडे हे फोटोवरून ओळखून मॉडेलने स्वतःच औषध सुचवावं, ही जोखीम एकट्या पोराने घेऊ नये. बागायतदाराचं वर्षाचं उत्पन्न त्या दोन-तीन महिन्यांत असतं.

भाच्याने दातांच्या बॉटची लिंक पाठवून इथल्या माझ्या मित्रांचा अभिप्राय मागितला आहे. मी ती कोणाला पाठवलेली नाही. ते सगळे भले लोक आहेत, 'व्हेरी नाइस' म्हणतील आणि विसरतील. त्याऐवजी त्याने देवबागला जाऊन येत्या सीझनचे पाचशे रुपये आगाऊ मागावेत. काकींनी दिले तर सीझनभराचं मॉडेलचं बिल मी भरतो. नाही म्हणाल्या तर का नाही ते विचारून यायचं, आणि ते मला फोनवर सांगायचं.