झोआंथसबरोबर आलेले ऐप्टेशिया: तुमच्या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

नमस्कार,

आमच्याकडून समुद्री टँकसाठी घेतलेल्या झोआंथसबरोबर (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांचे नातलग प्राणी) ऐप्टेशिया (दगडांवर झपाट्याने पसरणारे उपद्रवी समुद्रफूल) आले, असा तुमचा अभिप्राय आहे. आधी सगळ्यात महत्त्वाचे. अभिप्रायाच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की आता झोआंथसचे प्लग (ज्यांवर ते चिकटवलेले असतात त्या छोट्या बैठका) उकळत्या पाण्यात बुडवून बघणार आहात. कृपया तसे करू नका. झोआंथस आणि त्यांचेच भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असू शकते. उकळल्याने ते नाहीसे होत नाही, उलट वाफेबरोबर हवेत येते आणि श्वासातून शरीरात जाते. अशाने घरातली सगळी माणसे एकदम आजारी पडल्याच्या घटना घडल्या आहेत. प्लग ब्रशने घासणे किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवणेही तितकेच धोक्याचे. हाताळताना तोंडात कडवट, धातूसारखी चव आली, दम लागला, ताप किंवा अंगदुखी सुरू झाली, तर लगेच खोलीबाहेर पडून दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा.

आता तुमची तक्रार. ३ झोआंथस फ्रॅग (प्लगवर लावलेले तुकडे) घेतले, काउंटरवर ‘डिप केलेत, निर्धास्त टाका’ (म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात बुडवलेत) असे सांगण्यात आले, ६ आठवड्यांत दगडांवर २० ऐप्टेशिया दिसले, ब्लेडने खरवडल्यावर दुप्पट झाले, आणि उपाय म्हणून दिलेली पेपरमिंट श्रिंप (ऐप्टेशिया खाणारी छोटी कोळंबी) ऐप्टेशिया सोडून झोआंथसच कुरतडते. यात आमच्या दोन चुका आहेत आणि दोन्ही मान्य आहेत.

पहिली चूक ‘निर्धास्त’ या शब्दाची. आयोडीनच्या किंवा इतर डिपने चपटे किडे, झोआंथस खाणाऱ्या गोगलगायी निघतात, पण ऐप्टेशियाचा भरवसा देता येत नाही. डिप लागताच तो अंग आखडून प्लगच्या छिद्रात शिरतो आणि पुन्हा टँकमध्ये गेल्यावर उघडतो. फ्रॅग विकताना जुना प्लग काढूनच टाकायला हवा होता.

दुसरी चूक श्रिंपची. तुम्ही टाकलेल्या फोटोत ती पेपरमिंट नसून कॅमल श्रिंप ही दुसरी कोळंबी आहे. पाठीला कुबड, डोळे मोठे आणि लाल पट्ट्यांच्या मध्ये ठळक पांढऱ्या रेघा. पेपरमिंटचे अंग काचेसारखे असते, त्यावर बारीक लाल रेघा असतात, पांढऱ्या नसतात. कॅमल श्रिंप झोआंथस आणि मशरूम प्रवाळ खाते. आजच बाहेर काढा.

खरवडल्यावर संख्या का वाढली, तेही सांगतो. ऐप्टेशियाच्या बुडाचा कण जरी दगडाला चिकटून राहिला, तरी त्यापासून नवा प्राणी तयार होतो. म्हणून त्याला तोडायचे नाही, जागच्या जागी अख्खा मारायचा.

दगडांवरच्यांसाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट वापरा. पानाचा चुना नको; मत्स्यपालनासाठी मिळणारी शुद्ध पावडर घ्या. डबा बरेच दिवस उघडा राहिला असेल, तर हवा लागून पावडरचे कार्बोनेट होते आणि ती निरुपयोगी ठरते. चष्मा आणि हातमोजे घाला, कारण पेस्ट डोळ्यांना इजा करते. पावडरमध्ये थेंब थेंब आरओ पाणी घालून इडलीच्या पिठाइतके दाट करा आणि बोथट सुई लावलेल्या १ मिलीच्या सिरिंजमध्ये भरा. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न पंप (फिल्टरचे पाणी टँकमध्ये परत आणणारा) दोन्ही बंद करा. ऐप्टेशियाजवळ मायसिसचा (खाद्य म्हणून मिळणाऱ्या बारीक कोळंबीचा) कण सोडला की तो तोंड उघडतो. त्याला स्पर्श न करता वरून हळूच पेस्ट सोडा आणि तोंड व बूड पूर्ण झाकून टाका. सुई टोचली तर तो आत ओढला जातो आणि अर्धवट मार बसतो. सगळे बिघडते ते इथेच. १५ मिनिटांनी उरलेली पेस्ट नळीने ओढून घ्या, मग पंप सुरू करा.

तुमच्या २०० लिटरच्या टँकमध्ये एका वेळी ५-६ ऐप्टेशियाच घ्या आणि एकूण पेस्ट २ मिलीच्या वर जाऊ देऊ नका. पीएच वर चढतो, ८.५ च्या जवळ दिसला की त्या दिवशी थांबा. ३-४ दिवसांनी त्याच जागा पुन्हा तपासा, कारण राहिलेल्या तुकड्यांतून बारीक पिल्ले डोके काढतात. दगड फेकून टँक पुन्हा उभारायची गरज मला तरी दिसत नाही.

झोआंथसच्या पॉलिपजवळ (फुलासारख्या तोंडांजवळ) ही पेस्ट लावू नका, ते भाजतील. ते फ्रॅग टँकच्याच पाण्याच्या डब्यात घालून दुकानात आणा. प्लग कापून झोआंथस नव्या प्लगवर सुपरग्लू जेलने आम्ही बसवून देऊ. घरी कापू नका.

खरी पेपरमिंटही लहान ऐप्टेशियाच खाते, मोठ्यांना सहसा हात लावत नाही. शिवाय भरपूर खाद्य मिळाले तर ऐप्टेशियाकडे वळत नाही. म्हणून मोठे पेस्टने मारा, पिल्ले तिच्यावर सोडा आणि खाद्य कमी करा. कॉपरबँड बटरफ्लाय हा मासा सुचवणारे भेटतील. २०० लिटर त्याला फार अपुरे आहेत आणि तो अनेकदा खायलाच नकार देतो. बर्गिया ही बिनशंखाची गोगलगाय फक्त ऐप्टेशियावरच जगते. उपाय उत्तम, पण तुमच्याकडे सिक्सलाइन रास हा मासा आहे, तो तिलाच खाईल.

तिन्ही फ्रॅगचे आणि श्रिंपचे पैसे परत मिळतील, पावती नसली तरी. बदल्यात २ पेपरमिंट देऊ, समोर ओळख पटवून. येताना कॅमल श्रिंप वेगळ्या डब्यात आणा, फ्रॅगबरोबर एकाच पाण्यात नको.

— दुकानमालक